वास्कोचे मूळ रहिवासी कोण? बंदराने घडवलेल्या एका वस्तीची पार्श्वभूमी

गोव्यात परप्रांतीयांचा, म्हणजे बोलीभाषेत ‘भायल्यां’चा, विषय निघाला की वास्को द गामा शहराचे नाव हमखास पुढे येते. बाजारात कोकणीइतकीच हिंदी आणि कन्नड ऐकू येणारे हे शहर गेल्या तीस-चाळीस वर्षांत ‘बिघडले’, अशी एक समजूत आहे. इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. आधी शहर होते आणि मग त्यात माणसे आली, हा नेहमीचा क्रम वास्कोला लागू पडत नाही. येथे आधी मुरगाव बंदर आले, बंदरापाठोपाठ माणसे आली आणि त्यांच्या मुक्कामाला पुढे शहराचे नाव मिळाले.

बंदरापूर्वी मुरगावच्या या भूशिरावर होती ती खेडी: मुरगाव, सडा, वाडें, चिखली, दाबोळी आणि थोडी आत गेल्यावर सांकवाळ, कुठ्ठाळी, केळशी. शेते, खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेल्या) जमिनी आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या गावांचा कारभार गावकार पाहत. पोर्तुगीजांनी या ‘गावकरी’ व्यवस्थेला ‘कोमुनिदाद’ हे नाव देऊन ती आपल्या कायद्यात बसवली, मोडली नाही. गावकारांच्याही आधीचे म्हणून ज्यांचा दावा मानला जातो ते गावडे आणि कुणबी, तसेच किनाऱ्यावरचे मासेमार खारवी, हे या परिसरातले सर्वांत जुने लोक होत. यांतील गावडा आणि कुणबी, तसेच वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला मात्र २००३ साल उजाडावे लागले. ‘मूळ कोण’ हा प्रश्न गोव्यात मोठ्या आवाजात विचारला जातो आणि त्याचे उत्तर देण्याचा सर्वाधिक हक्क असलेल्यांना सहसा कोणी विचारत नाही, हे येथे नोंदवून ठेवणे भाग आहे.

दक्षिण गोव्यातला साष्टी प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, तेव्हा मुरगाव त्याचाच भाग होता. १५६० च्या दशकात तेथील देवळे पाडली जाऊ लागली आणि धर्मांतराचा रेटा वाढला, तशी अनेक कुटुंबे आपले देव घेऊन जुवारी नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला. आज बसगाड्या भरभरून पर्यटक ज्या देवळांना जातात, त्यांपैकी निदान तीन मुरगाव तालुक्यातून निघालेल्या देवांची आहेत, हे वास्कोत राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती झाले, पण त्यांच्यातील जुने भेद पुसले गेले नाहीत. ब्राह्मण, चारडो (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) ही वर्गवारी चर्चच्या सावलीतही चालू राहिली. या भूशिराच्या लोकसंख्येतला पहिला मोठा बदल बाहेरून कोणी येण्याने झालेला नाही, तो येथून माणसे निघून जाण्याने झाला आहे.

पोर्तुगीज स्वतः येथे फार संख्येने कधीच राहिले नाहीत. मुरगावचा किल्ला १६२४ चा. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने हादरल्यावर राजधानीच या भूशिरावर हलवण्याचा बेत आखला गेला, बांधकामांनाही हात घातला गेला; परंतु तो बेत तडीस गेला नाही आणि पुढे राजधानीचा मान पणजीला मिळाला. पोर्तुगालहून आलेले गोरे म्हणजे लोकभाषेत ‘पाखले’. त्यांच्या येथे जन्मलेल्या वंशजांना ‘देशेंदेन्त’ म्हणत, आणि मिश्र रक्ताच्यांना ‘मिस्तीस’. देशेंदेन्तांचे बळ लष्करातल्या हुद्द्यांवर उभे होते, ते १८७१ मध्ये गोव्याचे जुने सैन्य बरखास्त झाल्यावर ओसरले. आफ्रिकेतून, मुख्यतः मोझांबिकमधून, गुलाम म्हणून आणलेल्यांना ‘खाप्री’ म्हटले जाई. गुलामगिरी एकोणिसाव्या शतकात कायद्याने संपली आणि ते लोक आसपासच्या समाजात विरून गेले. पुढे १९५४ नंतर, गोवामुक्तीचा लढा तीव्र झाल्यावर, पोर्तुगालने आफ्रिकी वसाहतींतल्या सैनिकांच्या तुकड्या गोव्यात आणून ठेवल्या. १९६१ नंतर त्या परत गेल्या, आणि देशेंदेन्त कुटुंबांपैकीही बहुतेकांनी देश सोडला. म्हणजे वंशाच्या काटेकोर अर्थाने ज्यांना वेगळे म्हणता येईल, त्यांचा आजच्या वास्कोत जवळजवळ मागमूस नाही. जे वैविध्य उरले आहे ते भाषेचे, जातीचे, धर्माचे आणि धंद्याचे आहे.

हे वैविध्य आले ते रेल्वेबरोबर. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि मुरगावला बंदर बांधून तेथून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्याचे ठरले. ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीने घाटातले बोगदे आणि पूल पुरे केले, १८८८ मध्ये मार्ग खुला झाला आणि थोड्याच वर्षांत तो दक्षिण मराठा रेल्वेच्या जाळ्याला जोडला गेला. या करारात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचे कंबरडे मोडले. करार १८९२ मध्ये संपला, लोहमार्ग राहिला. त्या मार्गाने खोदकामाला, हमालीला आणि व्यापाराला माणसे येऊ लागली. काही बेळगाव-धारवाडकडून आली, काही सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून, तर काही नदीपलीकडच्या त्याच अंत्रुज महालातून, जेथे तीन शतकांपूर्वी देव गेले होते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले आणि हिंदू दुकानदारांचा या बाजारात जम बसला. घरी कोकणी, कचेरीत पोर्तुगीज आणि देवापुढे मराठी अभंग अशी त्यांची तिहेरी रीत होती.

त्या काळाची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे दामोदर सप्ताह. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस वास्कोत साथ पसरली, तेव्हा येथील मंडळींनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि तेथून प्रसादाचे श्रीफळ आणून त्याच्यापुढे अखंड भजन केले, अशी परंपरा सांगते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारे चोवीस तासांचे हे भजन आजही चालते आणि त्याच्या फेरीला, म्हणजे जत्रेतल्या बाजाराला, गोवाभरातून माणसे लोटतात. जांबावलीचा दामोदरही मुळात मडगावहून हलवलेला देव. नव्या शहराला ग्रामदैवत नव्हते, कारण शहराला मूळ गावच नव्हते. म्हणून दुसरीकडे आसरा घेतलेल्या देवाचा नारळ आणावा लागला. सप्ताहात निघणारे भजनी मंडळांचे ‘पार’ बाजारकर, नाभिक अशा व्यावसायिकांच्या आणि ज्ञातींच्या नावाने ओळखले जातात. शंभर वर्षांपूर्वी या बाजारात कोण कोण होते याची यादी हवी असेल, तर ती कोणत्याही कचेरीपेक्षा या पारांत अधिक सहज सापडते.

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ बंदर म्हणून मुरगावात आसऱ्याला राहिलेल्या तीन जर्मन आणि एका इटालियन जहाजाचे खलाशी वास्कोकरांना काही वर्षे नित्य दिसत असत. मार्च १९४३ मधील ब्रिटिशांच्या छुप्या हल्ल्यानंतर ती जहाजे बुडवली गेली. गोष्ट रंजक असली तरी लोकवस्तीवर तिचा परिणाम नगण्य झाला.

खरा परिणाम खनिजाने केला. १९५० नंतर जपानला लोहखनिज जाऊ लागले आणि मांडवी-जुवारीतून खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्जेस, उतरू लागल्या. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ झाला, १९५७ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना. मुक्तीनंतर दाबोळी नौदलाकडे गेली, १९६४ मध्ये मुरगाव पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९७३ मध्ये सांकवाळच्या पठारावर बिर्लांचा खत कारखाना सुरू झाला. प्रत्येक आस्थापनेने आपापल्या जातीची माणसे आणली, येथे ‘जात’ हा शब्द कामाच्या अर्थाने. नौदलाबरोबर पंजाब आणि केरळ आले, गोदीबरोबर आंध्र आणि कर्नाटक, कचेऱ्यांबरोबर रत्नागिरी आणि मुंबई. कायम नोकरीवाल्यांना वसाहती मिळाल्या. कंत्राटी मजुरांना मिळाली ती बायणाची वाळू, मांगोर हिलचा उतार आणि कारखान्याच्या पाठीमागचे माळरान. त्या माळरानावरच्या वस्तीला लोक आजही सरळ ‘बिर्ला’ म्हणतात. जून २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बायणा किनाऱ्यावरची घरे भर पावसाळ्याच्या तोंडावर पाडण्यात आली. कारण वेश्याव्यवसायाचे सांगितले गेले, परंतु बेघर झालेल्यांत त्या व्यवसायाशी काहीही संबंध नसलेली मजूर कुटुंबेही होती. सोळा वर्षांनी, जून २०२० मध्ये, गोव्यातले पहिले कोविड प्रतिबंधित क्षेत्र मांगोर हिल ठरले, तेव्हा ही दाटी पुन्हा एकदा सर्वांच्या डोळ्यांवर आली.

आकडे पाहायचे तर २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि तीत कोकणी मातृभाषकांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के, मराठीचे सुमारे ११, हिंदीचे सुमारे १० टक्के होते. भारतीय जनगणना वंश नोंदवत नाही, त्यामुळे वास्कोच्या मिश्रणाचा अंदाज भाषा, धर्म आणि जन्मस्थान यांवरूनच बांधावा लागतो. त्यातही एक बाजू कायम निसटते. बाहेर गेलेले गोंयकार या मोजणीत येत नाहीत: बोटीवरचे तारवटी, मुंबईतल्या कुडांत (गावागावच्या वसतिगृहांत) राहिलेले, आखातात स्थिरावलेले आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे इंग्लंडला गेलेले. त्यांची बंद घरे वास्कोच्या आसपासच्या प्रत्येक वाड्यात आहेत आणि त्यांतल्या काहींचे भाडेकरू तेच आहेत ज्यांना भायले म्हटले जाते.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जेसवरचे बरेच जण गावी परतले. वास्कोच्या खारीवाड्यावरच्या ट्रॉलर्सचे मालक मात्र अजूनही बहुतांशी जुन्या खारवी कुटुंबांतले आहेत, ख्रिस्तीही आणि हिंदूही. जाळे ओढणारे हात ओडिशा, झारखंड आणि कर्नाटकातले आहेत. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत ते गावी जातात. ऑगस्ट उजाडला आणि ते परतले नाहीत, तर बोटी धक्क्यालाच राहतात.