हँगरमधली माणसं कमी कशी होत गेली

विमान देखभालीच्या एखाद्या मोठ्या केंद्राने नोकरकपात जाहीर केली की दोन ठरलेली मतं लगेच ऐकू येतात. कामगार म्हणतात, पैसे वाचवण्यासाठी प्रवाशांचे जीव टांगणीला लावले. व्यवस्थापन म्हणतं, आजच्या विमानांना पूर्वीइतकी माणसं लागतच नाहीत. हे दुसरं म्हणणं अनेकदा सोयीचं म्हणून पुढे केलं जातं, पण ते खोटं नाही. कपातीचा इतिहास त्याच म्हणण्यापासून सुरू होतो.

पिस्टन इंजिनांच्या काळात देखभालीचा नियम साधा होता. ठरावीक तास भरले की भाग उतरवायचा, उघडायचा, तपासून पुन्हा बसवायचा. जेट विमानं आली तरी ही सवय सुटली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांनी बिघाडांच्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा बहुतेक भागांचं बिघडणं त्यांच्या वयावर अवलंबून नाही असं दिसलं. वापराला तासांची मर्यादा घालून फायदा होईल असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. उलट, चांगला चालणारा भाग उघडून परत बसवताना नव्या चुका शिरत होत्या.

यातून १९६८ मध्ये बोइंग ७४७ साठी देखभालीचा आराखडा ठरवण्याची नवी पद्धत आली. १९७० मध्ये ती सुधारली आणि १९८० मध्ये तिला आजही ओळखू येईल असं रूप मिळालं. फरक किती पडला? जुन्या पद्धतीत डीसी-८ या जेट विमानाच्या ३३९ भागांना ठरावीक काळाने ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, लागत असे, नव्या पद्धतीत डीसी-१० च्या फक्त ७. पहिल्या २०,००० उड्डाणतासांपर्यंतच्या मोठ्या स्ट्रक्चर (सांगाड्याच्या) तपासण्यांवर डीसी-८ साठी ४० लाख मनुष्यतास जात होते. त्याहून कितीतरी मोठ्या ७४७ साठी ते ६६,००० वर आले. सुरक्षितता कमी न करता झालेली ही बचत होती, आणि ती खऱ्या अभ्यासातून आली होती. म्हणूनच पुढे प्रत्येक कपातीला तिचा दाखला देता आला.

मात्र कोणतं काम अनावश्यक आहे एवढंच हा अभ्यास सांगत होता. उरलेलं काम कोणी, किती जणांनी आणि कोणत्या पाळीत करायचं, याबद्दल त्यात काही नव्हतं. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्या तिकिटांच्या दरावर एकमेकींशी भिडल्या. इंधनाचे भाव त्यांच्या हातात नव्हते, विमानांचे हप्ते ठरलेले होते. कात्री लावता येईल असं जे थोडं उरलं, त्यात देखभाल होती.

तासांची बचत कुठे जाऊ शकते ते पुढच्याच वर्षी शिकागोत दिसलं. २५ मे १९७९ ला उड्डाण घेताना एका डीसी-१० चं डावं इंजिन पायलनसकट (इंजिन पंखाला जोडणाऱ्या आधारासकट) निखळलं आणि २७३ माणसं गेली. उत्पादक कंपनीची पद्धत आधी इंजिन आणि मग पायलन उतरवण्याची होती. विमान कंपनीच्या हँगरमध्ये मात्र दोन्ही एकत्र, फोर्कलिफ्टवर तोलून उतरवत. त्यामुळे सोडायच्या जोडण्या ७९ वरून २७ वर आल्या आणि दर विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचले. फोर्कलिफ्टवरचा भार जरा हलला की पायलनच्या मागच्या जोडाला धक्का बसे. त्यातून पडलेला तडा कोणाच्या नजरेला आला नाही. इथे कोणाची नोकरी गेली नव्हती, फक्त तास वाचवले होते.

१९९० च्या दशकात काम बाहेर देण्याची लाट आली. १९९६ मध्ये फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलेल्या विमानात ११० जण गेले. एका कंत्राटी देखभाल कंपनीने जुन्या विमानांतून काढलेले, चालू झाले की प्रचंड तापणारे ऑक्सिजन जनरेटर सुरक्षा टोपणं न लावताच त्या विमानात माल म्हणून चढवले गेले होते. टोपणं लावल्याची सही मात्र कागदावर होती.

त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक विमान कंपनी देखभालीच्या मुदती वाढवत होती. एमडी-८० जातीच्या विमानांत आडवी शेपटी वर-खाली करणारा एक लांब स्क्रू असतो. त्याला ग्रीस देण्याची मुदत वाढत वाढत आठ महिन्यांवर गेली, आणि झीज मोजण्याची ३० महिन्यांवर. सप्टेंबर १९९७ मध्ये ओकलंडच्या हँगरमध्ये एका विमानाचा स्क्रू मोजला तेव्हा झीज ०.०४० इंच भरली. म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, पण परवानगीची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच होती. पाळीतल्या मेकॅनिकने भाग बदलायचं लिहिलं. पुढच्या पाळीत पुन्हा मोजमाप झालं, आकडा ०.०३३ आला, आणि विमान सेवेत गेलं. मोजायचं उपकरण कंपनीने स्वतः बनवलेलं होतं आणि त्याचे आकडे भरवशाचे नव्हते. ३१ जानेवारी २००० ला तेच विमान प्रशांत महासागरात कोसळलं आणि ८८ जण मरण पावले. चौकशीत अपुरं ग्रीस हे कारण ठरलं, आणि वाढवलेल्या मुदतींनी त्याला हातभार लावला असं नोंदवलं गेलं.

२००१ च्या सप्टेंबरनंतर प्रवासी घटले आणि कपातीला उघड कारण मिळालं. १९९६ मध्ये मोठ्या अमेरिकी कंपन्या देखभाल खर्चाचा ३७ टक्के भाग बाहेरच्या कंपन्यांना देत होत्या. २००७ मध्ये हा वाटा ६४ टक्के झाला. विमान पूर्ण उघडायच्या मोठ्या तपासण्यांचं प्रमाण तर चार वर्षांत ३४ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. मोठ्या तपासणीचा बराचसा खर्च मजुरीचा असतो, त्यामुळे काम मजुरी स्वस्त असलेल्या ठिकाणी गेलं, देशातही आणि परदेशातही. परदेशी केंद्रातल्या प्रत्येक मेकॅनिककडे अमेरिकी परवाना असण्याची गरज नाही. देखरेख करणाऱ्याची आणि शेवटची सही करणाऱ्याची पात्रता तेवढी पाहिली जाते. एका परवानाधारकाच्या हाताखाली किती बिनपरवाना हात असावेत, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

या सगळ्यात २००५ चा मिनेसोटातल्या एका विमान कंपनीतला संप वेगळा पाहावा लागतो, कारण आजचे वाद अजून त्याच खाचेतून जातात. कंपनीने मेकॅनिक आणि सफाई कामगारांच्या युनियनकडे वर्षाला १७.६ कोटी डॉलरची बचत मागितली. सुमारे ४,४०० नोकऱ्यांपैकी जवळपास २,००० जाणार होत्या, आणि उरलेल्यांचा पगार २५ टक्क्यांनी कमी होणार होता. त्याआधीच्या चार वर्षांत याच हँगरांमधल्या नोकऱ्या निम्म्याहून खाली आल्या होत्या. युनियनने नकार दिला आणि २० ऑगस्टला संप सुरू झाला.

कंपनीची तयारी दीड वर्षापासून चालली होती. सुमारे १,२०० बदली मेकॅनिक प्रशिक्षण घेऊन बसले होते, बाहेरच्या कंत्राटदारांशी बोलणी झाली होती. संपाच्या दुसऱ्याच दिवशी विमानं उडत होती. इतर युनियनांनी साथ दिली नाही, आणि त्याला जुनं कारण होतं. १९९८ मध्ये मेकॅनिकांनी मोठी सर्वसमावेशक युनियन सोडून आपल्या कारागिरीची स्वतंत्र युनियन निवडली होती. कुशल लोकांनी वेगळं होऊन चांगला पगार मिळवायचा हा विचार तेव्हा बिनतोड वाटला. सामान चढवणारे आणि काउंटरवरचे कामगार मागे राहिले होते, ते सात वर्षांनी संपकऱ्यांचा पहारा ओलांडून कामावर गेले.

सप्टेंबरच्या मध्यात कंपनीने देणेकऱ्यांपासून कोर्टाचं दिवाळखोरी संरक्षण घेतलं. त्याच सुमारास बदली कामगारांना कायम करायला सुरुवात झाली. आता कंपनी जेमतेम हजाराच्या आसपास नोकऱ्या ठेवायला तयार होती. डिसेंबरमध्ये सदस्यांनी तडजोड मतदानाने फेटाळली. नोव्हेंबर २००६ मध्ये संप संपला, तेव्हा संपकऱ्यांच्या पदरात परत बोलावण्याच्या यादीतली एक जागा पडली.

युनियनने वेळ चुकीची निवडली असं म्हणणारे आजही बरेच आहेत. दोन हजार नोकऱ्या सोडून बाकीच्या वाचवता आल्या असत्या, हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही. संपकाळात कंपनीचा कोणताही जीवघेणा अपघात झाला नाही, हे व्यवस्थापनाचं म्हणणंही खरं आहे. तरीही माझं मत कामगारांच्या बाजूला झुकतं. वीस-पंचवीस वर्षं एकाच जातीच्या विमानावर घालवलेल्या मेकॅनिकला आवाजावरून कळतं ते मॅन्युअलमध्ये नसतं, आणि ते नव्या माणसाकडे सोपवायला दोघांना बरोबर काम करावं लागतं. अशी साखळी तुटल्याचा तोटा त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही. अपघात झाला नाही एवढ्यावरून तोटा झाला नाही असं ठरत नाही. संपामुळे इतर कंपन्यांचं व्यवस्थापन मात्र एक गोष्ट शिकलं: मेकॅनिकांशिवाय विमानं उडवता येतात.

त्यानंतर हँगर बंद होण्याच्या बातम्या ठिकठिकाणांहून आल्या. डब्लिनमधल्या देखभाल केंद्राने २००९ मध्ये ११०० हून अधिक नोकऱ्या संपवल्या. हे केंद्र १९९० च्या सुमारास राष्ट्रीय विमान कंपनीतून वेगळं काढलं, तेव्हा तुम्ही मूळ कंपनीचेच नोकर राहाल अशी हमीपत्रं कामगारांना मिळाली होती. १९९८ मध्ये केंद्र विकताना ती पत्रं पैसे देऊन परत घेतली गेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा मोठ्या तपासण्यांचा हँगर २०१२ मध्ये बंद करायचं ठरलं, आणि २०१३ मध्ये जवळच्या अ‍ॅव्हलॉनचा, तिथल्या सुमारे ३०० नोकऱ्यांसकट. ७४७ निवृत्त होत आहेत, पुरेसं काम उरलेलं नाही, असं कारण अ‍ॅव्हलॉनच्या वेळी दिलं गेलं. ते खरंही होतं. काँपोझिट (कार्बन तंतू आणि रेझिनच्या) बांधणीच्या बोइंग ७८७ ला सर्वात मोठी स्ट्रक्चर तपासणी बारा वर्षांनी लागते. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या विमानांना साधारण सहा वर्षांनी लागत असे.

मग २०२० आलं. त्या एप्रिलमध्ये जगातली जवळपास दोन तृतीयांश प्रवासी विमानं जमिनीवर उभी होती. उभ्या विमानालाही देखभाल लागते: इंजिनांची तोंडं झाकावी लागतात, चाकं फिरवावी लागतात, इंधनात बुरशी वाढत नाही ना ते पाहावं लागतं. पण उड्डाणतास भरत नसले की मोठ्या तपासण्या पुढे ढकलल्या जातात आणि वर्कशॉप रिकामी पडतात. एका ब्रिटिश इंजिन कंपनीने मे महिन्यात ५२,००० पैकी किमान ९,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. तिची कमाई इंजिनं किती तास उडतात यावर होती, आणि ते तास एका महिन्यात आटले होते. ठिकठिकाणी पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. जास्त पगाराची माणसं आधी गेली, म्हणजेच जास्त अनुभवाची.

वाहतूक अपेक्षेपेक्षा लवकर परतली, ही माणसं परतली नाहीत. अमेरिकेत एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लँट (इंजिन) असे दोन्ही परवाने अनुभवाच्या जोरावर मिळवायचे तर ३० महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि एखाद्या विमानावर एकट्याने निर्णय घेण्याइतका हात बसायला त्याहून जास्त. जुलै २०२३ मध्ये एका इंजिन उत्पादकाने जाहीर केलं की २०१५ ते २०२१ दरम्यान बनलेल्या काही इंजिनांच्या फिरत्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात, तिच्यात दोष आहे. काही आठवड्यांनी अंदाज आला की नेहमीच्या कामाव्यतिरिक्त ६०० ते ७०० इंजिनं उतरवावी लागतील, आणि प्रत्येक इंजिन परत विमानावर बसायला २५० ते ३०० दिवस लागतील. भाग मिळत नव्हते, आणि इंजिन उघडणारी वर्कशॉपही आधीच भरलेली होती. २०२४ मध्ये एका मोठ्या विमान उत्पादकाने पुढच्या वीस वर्षांत जगभर ७,१६,००० नवे देखभाल तंत्रज्ञ लागतील असा अंदाज मांडला.