पार्श्वभूमी : ‘किनारी पाणी’ म्हणजे नेमकं कुठलं?

हिवाळ्यात एखाद्या रात्री जुहूला लाट फुटते तिथे निळी रेघ उमटते. ओल्या वाळूत पाय दाबला की टाचेभोवती ठिणग्या उठतात. त्याचे व्हिडिओ फिरायला लागले की समुद्रातले सूक्ष्मजीव चार दिवस बातमीत येतात आणि पाठोपाठ ‘हेच जीव हवेतला कार्बन शोषतात’ हे ठरलेलं वाक्यही. शोषतात, हे खरंच. पण शोषलेला कार्बन पुढे जातो कुठे, हा वाद जुना आहे आणि त्यातला सगळ्यात गाजलेला अंक आपल्या देशाच्या नावावर आहे.

वाद पेटला तो १९८८ नंतर. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकं भरपूर, तरी पाणी ओसाड, कारण लोह नाही. मग लोह टाका, प्लवकं म्हणजे पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्मजीव वाढतील आणि मेल्यावर कार्बन घेऊन तळाला जातील. ‘अर्धा टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो’ असं एक शास्त्रज्ञ अर्धं गमतीत म्हणाला. पुढे कंपन्यांनी ते गांभीर्यानं घेतलं. पहिली खुल्या समुद्रातली चाचणी १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ झाली.

मे २००८ मध्ये बॉनच्या जैवविविधता परिषदेनं अशा खतपेरणीला लगाम घातला. सूट ठेवली ती ‘किनारी पाण्यातल्या’ लहान वैज्ञानिक प्रयोगांना. किनारी म्हणजे किती मैल, याची व्याख्या मात्र नव्हतीच. शिवाय किनाऱ्याजवळ लोह नद्यांतून येतंच, मग तिथे लोह टाकून कळणार काय? दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं ही अट मनमानी आणि उलट परिणाम करणारी असल्याचं लगेच सांगितलं होतं. मसुदा लिहिणाऱ्यांनी एखाद्या समुद्रशास्त्रज्ञाला फोन केला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

जानेवारी २००९ मध्ये भारत-जर्मनीच्या ‘लोहाफेक्स’ प्रयोगाचं जहाज दक्षिण महासागरात लोह टाकायला केपटाउनहून निघालं. नावातला ‘लोहा’ आपलाच. पर्यावरणवाद्यांनी बॉनच्या ठरावाचा भंग म्हणून ओरड केली आणि जर्मन सरकारनं भर समुद्रात काम थांबवायला लावलं. त्या पाण्यात किनारी जातींची प्लवकं आहेत, म्हणून ते किनारी पाणीच, असा युक्तिवाद आयोजकांनी केला. शब्दाला शब्द भिडवण्याचाच हा प्रकार होता, पण वेळ त्यांच्यावर परिषदेनंच आणली होती. स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी होऊन महिनाअखेरीस परवानगी मिळाली आणि सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं गेलं.

या गदारोळात निकाल मागेच पडला. प्लवकं वाढली, पण डायटम ही कवचवाली प्लवकं वाढली नाहीत. त्यांच्या कवचाला लागणारी सिलिका तिथल्या पाण्यात जवळपास संपलेली होती. जी वाढली ती मऊ अंगाची, आणि ती कोपेपॉडांनी फस्त केली. कोपेपॉड म्हणजे आपल्या जवळ्याचे लांबचे भाऊबंद, पण कितीतरी चिमुकले. खाल्लेला कार्बन त्यांच्या श्वासातून वरच्या थरातच परतला, तळाकडे फारच थोडा गेला. दक्षिण महासागरातच २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात मात्र सिलिका होती. तिथे डायटम माजले आणि त्यांचा किमान अर्धा भार १,००० मीटरखाली गेला. म्हणजे फरक पाडला तो सिलिकेनं, आणि प्रयोगाच्या बाजूचे नि विरोधातले, दोघेही लोहावरच भांडत होते.

अरबी समुद्राची तर तऱ्हाच वेगळी. धुळीतून लोह मिळतं आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी खालचं पोषक पाणी वर येतं. पण त्याच पाण्याबरोबर, खाली सूक्ष्मजीवांनी कुजवून सोडलेला कार्बन डायऑक्साइडही वर येतो. १९९०च्या दशकातल्या मोहिमांत अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात हवेला कार्बन देणारा ठरला. साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जेमतेम असतो. तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा आणखी जहाल वायू तयार होतो. पावसाळा सरता सरता तसंच कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात चढतं. आपलं किनारी पाणी ते हेच, आणि त्यात खत टाकायची गरज कुणालाच नाही. मुंबईच्या गटारांतून ते रोज जातंच.