हर्बल कुर्त्याचा रंग टिकतो, पण औषधाचं काय?

दादर-पार्ल्याच्या प्रदर्शनांमध्ये हल्ली आयुर्वेदिक रंगाचे कुर्ते दिसतात, टॅगवर मंजिष्ठा, कडुलिंब, हळद असं काय काय लिहिलेलं, आणि स्टॉलवरच्या ताई सांगतात की नुसतं घातलं तरी त्वचेला औषध मिळतं. केरळातल्या बलरामपुरमच्या हातमागाचं 'आयुर्वस्त्र' यातलं फेमस नाव. कापड सुंदरच असतं, त्याबद्दल वादच नाही, पण या दाव्यात एक गोची आहे आणि ती कळायला आधी रंग कापडावर बसतो कसा ते बघायला लागतं.

रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं, ती रंग पटकन धरतात. सुती कापड म्हणजे सेल्युलोज आणि झाडपाल्याचे बरेचसे रंग त्याला नीट चिकटतच नाहीत. म्हणून मांजरपाट आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची खळ आणि तेलकटपणा काढायचा, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचा, कारण हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, भरपूर आणि ते सुताला धरून बसतं. त्यावर तुरटी. खरं काम हिचंच! तुरटीतलं ॲल्युमिनियम लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं इकडे टॅनिनला धरतं, तिकडे मंजिष्ठेतल्या पर्प्युरिन या लाल रंगद्रव्याला, आणि धाग्याच्या आतच पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. मोहेंजोदारोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला होता, तोही मंजिष्ठेच्या कुळातल्या रंगाने रंगवलेला, आणि तो कापूसच आहे हे तपासणारे टर्नर आणि गुलाटी आपल्या माटुंग्याच्या प्रयोगशाळेतले, जिला आज सिरकॉट (कापसावरची केंद्रीय संशोधन संस्था) म्हणतात.

तुरटीऐवजी लोखंड आलं तर तोच हिरडा काळा पडतो. त्यामुळे घरी करून बघणार असाल तर पालिकेचं नळाचं पाणी घ्या, टँकरच्या बोअरवेलच्या पाण्यात लोह असलं तर झेंडूचा पिवळा पण मळकट होतो.

हळद मात्र वेगळी, ती मध्यस्थाशिवाय सुतावर चढते आणि उन्हात तशीच उडते, वरणाचा डाग पडलेला शर्ट खिडकीच्या ग्रिलवर टाकणाऱ्या प्रत्येक आईला हे माहीत आहे. साबण लागला की लाल होते तो वेगळाच ताप.

आता गोची. औषध त्वचेत जायचं तर आधी ते धाग्यातून सुटायला पाहिजे, आणि रंगाऱ्याची सगळी मेहनत ते सुटू नये म्हणून! सुटत असेल तर चार धुण्यांत गटारात जाणार, सुटत नसेल तर अंगाला मिळणार काय? तुळशीचं सुगंधी तेल तर उकळतानाच बरंचसं वाफेबरोबर उडून जातं. टॅनिन किंवा हळदीतलं कर्क्युमिन असलेल्या कापडावर जंतू कमी वाढतात असं प्रयोगशाळेत दिसतं, आपल्या घामट हवेत त्याचा वासापुरता फायदा होईलही, पण त्यावरून एक्झिमा किंवा मधुमेह बरा होतो म्हणणं मला तरी पटत नाही.

विकत घेताना रंग पक्का करायला तुरटी वापरली की क्रोम (क्रोमियमचे क्षार) एवढं विचारा, क्रोमचं सांडपाणी विषारीच, वरचा रंग कितीही हर्बल असो. आणि ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर घासून बघा, भसाभसा रंग लागला तर कुर्ता पहिल्या पावसात बनियनला पण रंगवणार.