शितावरून भात कळतो, बंदुकीची दारू नाही

नव्या दारूचा डबा फोडला, पाच काडतुसं भरली, पाच गोळ्या झाडल्या आणि कागदावरची पाचही भोकं अंगठ्याखाली झाकली गेली. नेमबाजाच्या आयुष्यात याहून फसवा क्षण क्वचितच येत असेल. (इथे दारू म्हणजे रायफलच्या काडतुसात गोळीमागे भरतात ती. दुसऱ्या दारूबद्दलही पाच नमुन्यांनंतर मत बनवू नये, पण त्याचं कारण वेगळं.)

जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे अचूक नेमबाजी करणारे बरेच जण काडतुसं स्वतः भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, बसवायचा, तोलून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. बाजारात नवी दारू आली की या मंडळींत कुजबुज सुरू होते. डब्यावर लिहिलेलं असतं, ‘तापमानाचा परिणाम नाही’, ‘नळीत तांबं कमी साठतं’. खरंखोटं ठरवायचं कसं? माझ्या मते हा प्रश्न रसायनाचा कमी आणि मोजणीचा जास्त आहे.

थोडी ही दारू कागदावर ओतून बघा. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशी दिसते, ग्राफाइटमुळे करडी-काळी. एकेक दाणा साधारण एक-दीड मिलिग्रॅमचा. भिंगाखाली धरला तर मधून आरपार छिद्र दिसतं, आणि ते हौसेखातर नसतं. दाणा पृष्ठभागावरून जळत आत जातो. बाहेरची बाजू जळून आकसते तेव्हा छिद्राची आतली बाजू जळून रुंदावते, त्यामुळे जळणारं एकूण क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं आणि वायू एका लयीत निघत राहतो. गोल दाण्याच्या दारूला ही सोय नाही. गोळा जळताना लहानच होत जातो, म्हणून त्याची सुरुवात मंद करायला वरून रसायनाचा लेप जास्त लागतो.

मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज. तो १८४६मध्ये क्रिस्टियान शोनबाइनने जगापुढे आणला. पण तो इतका भडक जळायचा की बंदुकीच्या कामाला येईना. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने त्याला द्रावकात मळून, लाटून, तुकडे करून आवरलं आणि धूर न करणारी दारू जन्मली. जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, हा नियमही व्हिएलच्याच नावाने ओळखला जातो. सगळी गंमत आणि सगळा धोका याच नियमात आहे. दाब वाढला की दारू वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. गोळी नळीतून जेमतेम एक-दीड हजारांश सेकंदात बाहेर पडते, आणि तेवढ्या वेळात दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास जाऊन खाली येतो. सुरुवातीचा बारीकसा फरक या चक्रात फुगतो आणि गोळीच्या वेगात उतरतो.

वेगातला फरक एवढा महत्त्वाचा का? शंभर मीटरवर तो जवळजवळ दिसतच नाही. ८५० मीटर प्रति सेकंदाच्या गोळीचा वेग नऊ मीटरने घटला तर तिथे ती दीड-दोन मिलिमीटर खाली लागेल. हाच फरक १००० यार्डांवर साधारण २० सेंटिमीटरचा होतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेत त्या अंतरावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १३ सेंटिमीटरही नाहीत. नेम बिनचूक, वारा शांत, तरी दहा गेले. सुरुवातीच्या अंगठ्याखालच्या पाच भोकांचा फसवेपणा इथे आहे: जवळून झाडलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दारूची चूक पोटात घालतो.

म्हणून वेगच मोजायचा. १७४२मध्ये बेंजामिन रॉबिन्सने लाकडाच्या लंबकात गोळी मारून, लंबक किती झुलला त्यावरून वेग काढला होता. आज ट्रायपॉडवर ठेवलेला छोटा रडार तेच काम बिनबोभाट करतो. आकडा मिळवणं सोपं झालं आणि आकड्यांवर विश्वास ठेवणंही नको तितकं सोपं झालं.

समजा, एका दारूच्या वेगाचं खरं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ४ मीटर प्रति सेकंद आहे. हे सत्य फक्त देवाला ठाऊक. आपण पाच गोळ्या झाडतो आणि रडार प्रमाण विचलन दाखवतो. ते किती दिसेल? गणित सांगतं, शंभरातल्या ९५ वेळा १.४ ते ६.७ यांच्या मधे कुठेही. दारू तीच, वजन तेच, हात तोच. १.४ दिसलं तर माणूस मित्रांना फोन करतो, ६.७ दिसलं तर उरलेला डबा विकायला काढतो. वीस गोळ्या झाडल्या तर हीच पट्टी २.७ ते ५.३ अशी आवळते, तीस झाडल्या तर ३ ते ५. तीस गोळ्यांचा खर्च आणि नळीची झीज मनाला लागते हे मान्य. पण पाच-पाचचे सहा वेगवेगळे ‘प्रयोग’ करून सहा वेगवेगळी मतं बनवण्यातही गोळ्या तीसच जातात.

सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीतला फरक सांगायची पद्धत तर आणखी घोटाळ्याची. तो आकडा गोळ्यांच्या संख्येबरोबर आपोआप वाढतो. वरच्याच दारूत पाच गोळ्यांमध्ये तो सरासरीने नऊच्या पुढे असेल, वीस गोळ्यांमध्ये पंधराच्या जवळ. ‘माझा फरक फक्त आठ’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न, किती गोळ्यांत?

दारूचं वजन पायरीपायरीने वाढवत प्रत्येक वजनाला एकेक गोळी झाडायची आणि आलेखात वेग जिथे सपाट दिसेल तिथे ‘जादूची जागा’ सापडली असं मानायचं, हाही एक लाडका खेळ आहे. चार मीटरचा पसारा असलेल्या आकड्यांची रांग मांडली तर कुठेतरी दोन-तीन शेजारी सारखे दिसणारच. खरी जागा असेल तर तीच चाचणी दुसऱ्या दिवशी केल्यावर ती तिथेच सापडायला हवी. बहुतेकदा ती दुसरीकडेच निघते.

दोन दारूंची तुलना करताना माझा आग्रह दोन गोष्टींचा. आधी एकीच्या सगळ्या आणि मग दुसरीच्या सगळ्या गोळ्या झाडू नयेत, आलटूनपालटून झाडाव्यात. नळी तापते, मळते, खांदा दुखू लागतो, आणि या सगळ्याचा भुर्दंड एकटी दुसरी दारू भरते. शिवाय कोणतं काडतूस कोणत्या दारूचं हे झाडणाऱ्याला कळू देऊ नये. दुसऱ्याने भरावीत, डब्यांवर फक्त खुणा असाव्यात. डब्यासाठी पैसे मोजलेला माणूस आपल्याच नकळत नव्या दारूच्या गोळ्या जास्त जपून झाडतो.

तापमानाचा दावा मात्र तपासण्यासारखा असतो, कारण तिथे फरक मोठा निघतो. गरम दारूला पेट घ्यायला कमी ऊर्जा पुरते, ती भरकन जळते. जुन्या धाटणीच्या दारूत दर अंश सेल्सिअसला साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेग वाढू शकतो. पहाटे आणि भर दुपारी ३० अंशांचा फरक धरला तर वेग १५-१६ मीटरने सरकला. चांगल्या आधुनिक दारूत हा आकडा निम्म्याहून कमी असतो. चाचणीसाठी काही काडतुसं बर्फाच्या पेटीत, काही सावलीत, काही उबदार डब्यात ठेवायची आणि काढली की लगेच झाडायची. तापलेल्या नळीत काडतूस मिनिटभर नुसतं राहिलं तरी आतली दारू शेकून निघते आणि आपण मोजतो भलतंच.

दाणा दाणा मोजणाऱ्यांबद्दल थोडं. चाळीस ग्रेनच्या, म्हणजे २.६ ग्रॅमच्या भरणीत सुमारे दोन हजार दाणे. एक दाणा जास्त पडला तर वेग ०.३ मीटरच्या आसपास बदलेल. समजा, एकूण विचलन ४ आहे आणि त्यातला १ वजनकाट्याच्या चुकीचा. विचलनं सरळ नाही, वर्ग करून मिळवावी लागतात. सोळातून एक गेला, उरले पंधरा, वर्गमूळ ३.९. चिमट्याने दाणे उचलण्यात घालवलेल्या संध्याकाळींची ही कमाई. उरलेला पसारा प्रायमरमध्ये, पुंगळीच्या मानेच्या पकडीत आणि खुद्द दारूच्या स्वभावात असतो.

सुरक्षेबाबत मात्र संख्याशास्त्राची वाट पाहायची नसते. जळण्याच्या वेगाचे तक्ते फक्त क्रम सांगतात. तक्त्यात शेजारी आहे म्हणून एका दारूचं वजन दुसरीला लावणं हा आगीशी खेळ. नावंही दगा देतात. ‘आयएमआर ४८३१’ आणि ‘एच ४८३१’ यांचा आकडा एकच, पण पहिली दुसरीपेक्षा जलद जळते. उत्पादकाने त्याच दारूसाठी छापलेल्या सुरुवातीच्या वजनापासूनच वर जायचं. थंडीत कमाल मर्यादेला टेकलेली भरणी उन्हाळ्यात ती ओलांडते, हेही तापमानाच्या हिशेबातच येतं.

नव्या दारू येत राहण्यामागे कायद्याचाही हात आहे. दाण्यावरच्या लेपात वापरलं जाणारं डायब्युटाइल थॅलेट युरोपीय संघाच्या ‘रीच’ नियमांनुसार २०१५पासून विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या नावाच्या डब्यातही आतली कृती बदललेली असू शकते.

हवेचंही तसंच. झाकण उघडं राहिलेल्या डब्यातली दारू कोरड्या हवेत ओल गमावते आणि जलद जळू लागते, दमट हवेत उलट. म्हणून मोजणी संपली की माप-यंत्रात उरलेली दारू तिच्याच डब्यात परत जाते आणि झाकण घट्ट बसतं. तो डबा संपला की नव्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, आधी पाहायचा. तो वेगळा निघाला तर वहीत नवं पान, आणि भरणी पुन्हा खालच्या वजनापासून.