पंचवीस टक्के म्हणजे नेमके किती?

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांच्या खोलीत रात्री अकरानंतर एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, ‘क्रिट २५ टक्के लिहिलंय आणि सलग चौदा घाव साधे गेले. गेम गंडवतोय.’ दुसरा म्हणतो, ‘आरएनजी आहे बाबा, असंच असतं.’ क्रिट म्हणजे एरवीपेक्षा जास्त इजा करणारा नशिबाचा घाव, आणि आरएनजी म्हणजे वाटेल तसा आकडा काढणारा गेमच्या आतला फासा. कोण बरोबर, हे गेम कुठला आहे त्यावर ठरतं. साधा फासा टाकणाऱ्या गेममध्ये चौदा घाव कोरडे जाण्याची शक्यता १.८ टक्के, म्हणजे साधारण छप्पन्नात एकदा. रात्रभर खेळणाऱ्याला ती वेळ येणारच. काही गेममध्ये मात्र हीच गोष्ट नियमानेच अशक्य आहे. पडद्यावर दोन्हीकडे ‘२५%’ एवढंच लिहिलेलं असतं. हा घोळ समजून घ्यायचा तर लढाईत फासा आला कुठून, इथपासून सुरुवात करावी लागते.

तो आला प्रशियाच्या लष्करातून. फॉन राइसवित्झ नावाच्या बाप-लेकांनी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी युद्धाचा खेळ बनवला. बापाने १८१२ मध्ये तो राजाला दाखवला आणि मुलाने १८२४ मध्ये नकाशे, पंच आणि फासे यांच्यासह तो पक्का केला. तोफेचा मारा झाला की किती माणसं पडली, हे फाशावरून ठरायचं. धूर, घबराट, उंचसखल जमीन हे सगळं टेबलावर मांडता येत नाही. जे मांडता येत नाही ते फाशाच्या गळ्यात घालायचं, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडच्या सारीपाटात दान पडलं की सोंगटी तेवढी घरं सरकते. इथे फासा घरं मोजत नव्हता, अज्ञाताची भरपाई करत होता.

दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये हीच कल्पना एकट्या योद्ध्याला लावली. वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि समोरच्याच्या चिलखताच्या दर्जाप्रमाणे ठरलेला आकडा गाठायचा. नवख्या योद्ध्याला बिनचिलखती शत्रूवर १० किंवा जास्त लागायचे, म्हणजे ५५ टक्के. पत्र्याचं चिलखत आणि ढाल असेल तर १७ किंवा जास्त, म्हणजे जेमतेम २० टक्के. यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ आहे. या खेळात लढाईची एक फेरी एक मिनिटाची धरलेली होती. त्या मिनिटात वार, हूल, मागे सरकणं सगळं आलं. फासा एका वाराचा नव्हता, मिनिटभराच्या झटापटीचा होता. ‘हुकलं’ याचा अर्थ तलवार हवेत फिरली असा नव्हता. मिनिटभर झुंजून काही हाती लागलं नाही, एवढाच होता.

संगणकाने फासा घेतला आणि ते मिनिट विसरला. १९८०च्या सुमाराच्या ‘रोग’ (Rogue) या गेममध्ये हे खटकत नाही, कारण तिथे योद्धा आणि राक्षस पडद्यावर नुसत्या अक्षरांनी दाखवलेले असतात, अक्षरं अक्षरांना मारतात आणि खेळ पाळीपाळीने चालतो. खरी अडचण डायब्लोपासून सुरू होते. १९९६च्या अगदी शेवटी बाजारात आलेला हा गेम आधी पाळीपाळीनेच चालणार होता. त्याचा प्रोग्रामर डेव्हिड ब्रेव्हिक याने काही तासांत तो सलग काळात चालणारा करून दाखवला. युक्ती सोपी होती. पाळ्या काढल्याच नाहीत, सेकंदाला वीस केल्या. त्यामुळे आतला फासा जसाच्या तसा शाबूत राहिला. हातातल्या शस्त्राने घाव लागण्याचं सूत्र असं: ५० + चपळाईचा अर्धा + वस्तूंवरचा नेम + स्वतःची पातळी, वजा शत्रूचं चिलखत. दहाव्या पातळीचा योद्धा, चपळाई ३०, वस्तूंवर २० आणि समोर ४० चिलखताचा राक्षस घेतला, तर ५० + १५ + २० + १० − ४० = ५५. मग ० ते ९९ मधला एक आकडा काढायचा आणि तो ५५ च्या खाली आला तर घाव लागला. उत्तर ५ च्या खाली किंवा ९५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. हे ५ टक्के म्हणजे वीस पैलूंच्या फाशाचा बरोबर एक पैलू.

२००० मधल्या डायब्लो २ ने बेरीज-वजाबाकी टाकून गुणोत्तर आणलं: १०० × नेम ÷ (नेम + बचाव), गुणिले २ × तुमची पातळी ÷ (दोघांच्या पातळ्यांची बेरीज). ५ आणि ९५ ची कुंपणं कायम. बचाव १००० आणि पातळ्या सारख्या धरल्या तर नेम १००० असताना ५० टक्के मिळतात, २००० ला ६७, ३००० ला ७५ आणि ९० गाठायला थेट ९०००. म्हणजे पहिले काही गुण स्वस्त, नंतरचे फार महाग. नेमावर सगळं ओतणारे बिल्ड (योद्धा घडवायचे बेत) इथेच फसतात. दुसरी चूक पातळीची. तुम्ही ६० आणि शत्रू ८५ असेल तर तेच ७५ टक्के ६२ वर येतात. आणि तिसरी, जी पडद्यावर दिसतच नाही: धावत असताना तुमचा बचाव शून्य धरला जातो आणि ढालीने अडवण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शावर येते. बचावाचा आकडा चांगला असूनही माणूस मरतो, तेव्हा बहुधा तो पळत असतो.

इथपर्यंत कॅमेरा वर होता. बाहुली छोटी, गर्दी मोठी. एखादा घाव हुकला तर डोळ्यांना कळायचंही नाही. २००२ मध्ये मॉरोविंड या गेमने हाच फासा पहिल्या पुरुषातल्या नजरेला, म्हणजे योद्ध्याच्याच डोळ्यांतून दिसणाऱ्या लढाईला, जोडला आणि बोंब उठली. तलवार खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि आत हिशेब सांगतो की लागलीच नाही. त्याचं सूत्र आजही शिकण्यासारखं आहे. (शस्त्रकौशल्य + चपळाई ÷ ५ + नशीब ÷ १०) गुणिले दमाचा गुणक. दम पूर्ण असेल तर गुणक १.२५, संपला असेल तर ०.७५. कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४० असेल तर ताज्या दमात ५२.५, दम संपल्यावर ३१.५. त्यातून समोरच्याची चुकवाचुकवी वजा करायची. तोही ४०-४० चा आणि ताजातवाना असेल तर १५ जातात. उरले ३७.५ किंवा १६.५. नवा खेळाडू करतो काय, तर लांबून धावत येतो, धावण्यात दम घालवतो आणि सहात एक घाव लागण्याच्या अवस्थेत तलवार उपसतो. वर गेमला शिव्या देतो. सूत्रात खोट नव्हती. मिनिटभराच्या झटापटीचा फासा अर्ध्या सेकंदाच्या फटक्याला लावला होता, ही खोट होती. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये त्याच कंपनीने लागण्याचा फासाच काढला: शस्त्र टेकलं की घाव लागला, कौशल्य इजेच्या आकड्यात जिरवलं. २०१२ च्या डायब्लो ३ मध्येही खेळाडूचा घाव हुकत नाही. फासा गेला असं मात्र नाही. तो क्रिटमध्ये, प्रॉकमध्ये (घावासोबत अधूनमधून आपोआप होणाऱ्या जादा परिणामात) आणि लूटमध्ये जाऊन बसला.

आता फासा टाकतो कोण, ते पाहू. संगणकाकडे फासा नसतो, आकड्यांची एक साखळी असते. गणिती जॉन फॉन नॉयमनने सुचवलेली जुनी रीत अशी: चार अंकी संख्येचा वर्ग करा आणि मधले चार अंक घ्या, तोच पुढचा आकडा. ६१०० पासून निघा. वर्ग ३७२१००००, मधले चार २१००. त्याचा वर्ग ०४४१००००, म्हणून ४१००. पुढे ८१००, आणि पुढे पुन्हा ६१००. चार पावलांत चक्र पूर्ण. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या द. रा. कापरेकरांचा स्थिरांक माहीत असलेल्याला याचं नवल वाटणार नाही. चार अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की (चारही अंक सारखे नसतील तर) जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. ठरलेली कृती पुन्हा पुन्हा केली की आकडे कुठेतरी येऊन अडकतात. कापरेकरांना त्यात सौंदर्य दिसलं, गेम बनवणाऱ्याला ते परवडत नाही.

पहिल्या डायब्लोत वापरलेली साखळी यापेक्षा पुष्कळ लांब होती. आधीच्या आकड्याला २२६९५४७७ ने गुणायचं, १ मिळवायचा आणि खालचे ३२ बिट (०-१ च्या रूपातले अंक) ठेवायचे. तिच्यातही एक खोड आहे. विषम संख्येने गुणून १ मिळवला की शेवटचा बिट दर वेळी उलटतो: सम, विषम, सम, विषम. एखाद्या नवशिक्याने ५० टक्क्यांसाठी सम-विषम तपासलं तर घाव लागला, हुकला, लागला, हुकला अशी कवायतच सुरू होईल. म्हणून खालचे बिट टाकून वरचे वापरतात.

पण साखळी निर्दोष असली तरी माणसाचं समाधान होत नाही. स्वारगेटला बसची वाट पाहणाऱ्याला वाटतं, इतका वेळ गेला म्हणजे आता येईलच. फाशाला मागचं काही आठवत नसतं, पण खेळाडू त्याच्याकडूनही बससारखीच अपेक्षा करतो. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ ने ही चुकीची समजूत चक्क नियमात घातली. तिथे २५ टक्के म्हणजे पहिल्या घावाला ८.५ टक्के, तो कोरडा गेला तर दुसऱ्याला १७, तिसऱ्याला २५.४, असं दर वेळी तेवढंच वाढत जातं. बाराव्या घावाला आकडा शंभराच्या पुढे जातो, म्हणजे क्रिट पक्का. क्रिट लागला की मोजणी पुन्हा ८.५ पासून. सरासरी चारांत एक हीच राहते, पण लांब दुष्काळ आणि लागोपाठची चंगळ दोन्ही आटोक्यात येतात. पुण्यातल्या इंजिनिअरिंग होस्टेलांच्या लॅनवर (आपसांत जोडलेल्या संगणकांवर) रात्र-रात्र चालणारा डोटा हा गेम याच इंजिनावर होता, आणि डोटा २ नेही ही पद्धत ठेवली. सुरुवातीच्या वादातले चौदा कोरडे घाव इथे होऊच शकत नाहीत.

२०१३ चा पाथ ऑफ एक्झाइल आणखी पुढे गेला, पण फक्त घाव चुकवण्यापुरता. तिथे एक मोजपात्र असतं. पहिल्या हल्ल्याला त्यात ० ते ९९ मधला एक आकडा पडतो. दर हल्ल्याला लागण्याची टक्केवारी त्यात मिळवायची, शंभर भरले की घाव लागला आणि शंभर वजा. समजा पात्रात ८० आहेत आणि शत्रूची शक्यता २५. पहिला घाव लागला (१०५), उरले ५. मग ३०, ५५, ८० हे तीन हुकले, चौथा पुन्हा लागला. यात नशीब फक्त पहिल्या आकड्यापुरतं. कारण व्यवहारी आहे: चुकवण्यावर जगणाऱ्या योद्ध्याचं रक्त कमी असतं, लागोपाठ दोन घाव बसले की खेळ खल्लास. हल्ल्यांमध्ये मोठा खंड पडला की मोजपात्रात पुन्हा नवा आकडा पडतो, त्यामुळे मागे पळून परत आल्यावर मोजलेला हिशेब चालत नाही. क्रिट मात्र तिथे साध्या फाशानेच ठरतो.

आपल्या गेममध्ये कुठला फासा आहे हे तपासायचं तर सरावाच्या पुतळ्यावर एकच साधा घाव २०० वेळा मारा. एका वेळी एकच फटका पडेल असं कौशल्य निवडा. अनेक बाण सुटणारं घेतलं तर फासा दर बाणाला की दर वापराला, हा वेगळा गुंता होतो. ‘क्रिटची शक्यता २००% वाढ’ देणारी वस्तू अंगावर असेल तर ती मुळाच्या पटीत धरायची: मूळ ५ टक्के असेल तर १५ होतात, २०५ नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून ५०-५० टक्के मिळत असतील आणि गेम डायब्लो २ सारखे दोन फासे टाकत असेल तर शंभर नाही, ७५ होतात.

२५ टक्क्यांना २०० घावांत ५० क्रिट अपेक्षित. ३८ ते ६२ मध्ये काहीही आलं तर त्यावरून भांडू नये, एवढा फरक साध्या फाशातही पडतो. शहाणपणाचा आकडा वेगळा आहे: क्रिटनंतरच्या लगेचच्या घावाला किती वेळा पुन्हा क्रिट लागला, ते वेगळं मोजा. पन्नासातून बारा-तेरा वेळा लागला तर साधा फासा. चार-पाच वेळाच लागला तर वॉरक्राफ्टच्या वळणाचा. एकदाही लागला नाही आणि क्रिट घड्याळासारखा दर चौथ्या घावाला येतोय, तर तिथे फासा नाहीच, मोजपात्र भरतंय.