मित्राला ‘अरे’ कोण म्हणू शकतो?

मराठीत दोस्ती ओळखायची ती अरे-तुरेवरून. पण गावगाड्यात हेच ‘अरे’ वाड्यावरचं शेंबडं पोर म्हाताऱ्या महारालाही म्हणायचं, आणि म्हाताऱ्याने उत्तर द्यायचं ते ‘जोहार मायबाप’. म्हणजे वरून आला की हुकूम, बरोबरीने आला की सलगी, शब्द एकच. चौदाव्या शतकात चोखोबा विठ्ठलाशी बोलतात तेही ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार’ असंच. देव सखा खरा, पण हाक पायरीपासूनची. जातीपलीकडची मैत्री मराठी कथेत एवढी उशिरा का आली, याचं मूळ मला या दोन शब्दांत दिसतं.

आली तीही आधी कळवळा म्हणून. श्री. म. माट्यांचा ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हा कथासंग्रह 1941 चा. पुण्यात अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी ते इतकी वर्षं खपले, की लोक त्यांना ‘महार माटे’ म्हणू लागले. खालच्याशी जवळीक केली की वरच्याचीही ओळख बदलते, ती अशी. त्यांची माणसं जिवंत आहेत, यात वाद नाही. पण बघणारा डोळा शेवटी पायऱ्या उतरून आलेल्याचा. तिथे माया आहे, बरोबरीचं भांडण नाही. आणि भांडता येत नसेल तर कसली मैत्री?

पुढे रेल्वे, गिरण्या, चाळी यांनी एक नवी शक्यता आणली: गावात जात लपत नाही, शहरात काही दिवस तरी लपते. 1955 मध्ये अस्पृश्यता पाळणं कायद्याने गुन्हा ठरलं, पण खोली भाड्याने द्यायची म्हटली की आडनाव विचारलं जायचंच. (अजूनही जातं.) 1958 मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि पाच वर्षांनी, 1963 मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह आला.

शीर्षककथेतला तरुण नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला, रेल्वेत जातो. जात सांगत नाही. तिवारी नावाचा सहकारी त्याच्या कवितेवर भाळतो, त्याला मान देतो. वाचणारा मात्र अंग चोरून वाचतो, कारण हा जिव्हाळा कशावर उभा आहे ते त्याला ठाऊक असतं. त्याच ठिकाणी काशिनाथ आहे, जात न लपवणारा, अपमानाला अंगावर जाऊन उत्तर देणारा. खरं तर तो आपला माणूस, पण त्याच्याजवळ उघडपणे उभं राहिलं तर सोंग फुटणार. जात उघडी पडते, मार पडतो, आणि सोडवायला धावतो तो काशिनाथ. चोरी जातीची, पण हातून गेलं ते मैत्र. बागुलांनी शीर्षकात ‘लपवली’ न लिहिता ‘चोरली’ लिहिलं, हे मला फार मोठं वाटतं: स्वतःचीच वस्तू, आणि तरी गुन्हेगार आपणच.

पंधरा वर्षांनी, दया पवारांच्या 1978 च्या ‘बलुतं’मध्ये, ही उतरंड एकाच माणसाच्या आत शिरली. ते आत्मकथन, कथा नव्हे. पण रचना कथाकाराची. दगडू मारुती पवार बोलतो आणि पांढरपेशा दया पवार ऐकतो.