आकडा तर दिसतोय, मग बेरीज का होत नाही?

सोयाबीनचा हिशोब करणारं एक छोटं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहू. त्याला वजन आणि भाव द्यायचा, त्याने गुणाकार करायचा. २०२४-२५ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ४८९२ रुपयांनी, १२ क्विंटलचे ५८,७०४ रुपये होतात. तुरीला ७५५० धरले तर ८ क्विंटलचे ६०,४००. फंक्शनच्या शेवटी ‘प्रिंट’ लिहिलं असेल, तर दोन्ही रकमा स्क्रीनवर बिनचूक उमटतात. पण त्यांची बेरीज करायला सांगा, लगेच ‘टाइपएरर’ येतो. तक्रार अशी की ‘ननटाइप’मध्ये ‘ननटाइप’ मिळवता येत नाही. आकडे डोळ्यांसमोर आहेत, मग हे ‘नन’ आलं कुठून?

लातूरच्या मोंढ्यात सौदा निघतो तेव्हा भाव मोठ्याने पुकारतात. सगळ्यांना ऐकू जातो. पण शेतकऱ्याच्या हाती काय येतं? पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी. हमाली-तोलाई त्या पट्टीवर वजा होते, पैसे तिच्यावर मिळतात. नुसता पुकारा घेऊन कोणी मुनिमापुढे उभं राहत नाही. ‘प्रिंट’ हा पुकारा आहे आणि ‘रिटर्न’ ही पट्टी. प्रिंट केलेला आकडा माणसाला दिसतो. प्रोग्रामच्या पुढच्या ओळीला तो वापरायला मिळत नाही. रिटर्न केलेली किंमत मात्र फंक्शनला जिथून हाक मारली तिथे परत येते. तिला नाव देऊन ठेवा, तिच्यातून काही वजा करा, नाहीतर दुसऱ्या फंक्शनकडे सोपवा.

फंक्शनमध्ये ‘रिटर्न’ लिहिलंच नाही, तर पायथन आपणहून ‘नन’ परत देतो. ‘काहीच नाही’ हे सांगणारी ती एक खास किंमत. आपली बेरीज झाली ती ५८,७०४ आणि ६०,४०० यांची नाही, दोन ‘नन’ची.

घोळ वाढवते ती खरं तर पायथनची खिडकी, तीन बाणांपुढे एकेक ओळ लिहून बघायची ती. तिथे फंक्शन चालवलं की आलेली किंमत ‘नन’ नसेल, तर खिडकी ती स्वतःच दाखवते. त्यामुळे प्रिंट करा की रिटर्न, दोन्हीकडे ५८,७०४ च दिसतं. फरक कळायचा कसा? आकड्याऐवजी फंक्शनमधून ‘तूर’ हा शब्द बाहेर पाठवून बघा. प्रिंट केला तर तो नुसता उमटतो, रिटर्न केला तर अवतरण चिन्हांसकट. तोच कोड फाइलमध्ये लिहून चालवला की रिटर्नवालं फंक्शन एकदम गप्प! बिघडलेलं काही नसतं, दाखवायला कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

प्रात्यक्षिक परीक्षेत स्क्रीनवरचं उत्तर बघून गुण पडतात, म्हणून ‘प्रिंट’ची सवय हाडीमाशी खिळते, असं माझं मत. आपोआप तपासणी करणाऱ्या यंत्रणा बऱ्याचदा फंक्शनने परत दिलेली किंमतच बघतात. तिथे स्क्रीनवर बरोबर उत्तर असूनही शून्य पडू शकतं.

रिटर्नची आणखी एक खोड आहे. ती ओळ आली की फंक्शन तिथेच संपतं, खाली लिहिलेलं काही चालत नाही. तेव्हा रक्कम दाखवायची असेल तर ‘प्रिंट’ रिटर्नच्या आधी लिहा. त्याहून बरं म्हणजे फंक्शनने फक्त हिशोब करून रक्कम परत द्यावी आणि छापायचं काम बाहेर ठेवावं. मग तेच फंक्शन उद्या हरभऱ्यालाही चालतं, आणि १,१९,१०४ ही एकूण रक्कमही निमूटपणे मिळते.